बाबांच्या डीटीपी दुकानातल्या जुन्या आयडीई हार्डडिस्क नव्या लॅपटॉपला कशा जोडायच्या? (नागपूर)

महालची_लेक · रविवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी.

महालात बाबांचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं तिथे कंपोज व्हायचं. २०१० मध्ये दुकान बंद केलं तेव्हा कॉम्प्युटर भंगारात गेले, पण बाबांनी हार्डडिस्क काढून घेतल्या आणि जुन्या पंचात गुंडाळून कपाटात ठेवल्या. परवा आवरताना चार निघाल्या:

– मोठी, पट्टी केबलवाली, ८० जीबी
– तशीच मोठी, ४० जीबी
– लॅपटॉपची छोटी, बारीक पिनांची, ४० जीबी
– मोठी, साटावाली, ५०० जीबी

मला यातली एकच गोष्ट हवी आहे. २००२ च्या उन्हाळ्यात आजीने बाबांना जात्यावरच्या ओव्या सांगितल्या होत्या. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आजी कूलरसमोर बसायची, सांगायची, आणि बाबा टाइप करायचे. दीडशेच्या आसपास ओव्या झाल्या. काढलेली प्रिंट एका पावसाळ्यात भिजून गेली. २००५ मध्ये आजी गेली. आता घरात कुणालाच त्या पूर्ण येत नाहीत. कोणत्या डिस्कवर आहेत ते बाबांना आठवत नाही.

ऑनलाइन एक अडॅप्टर मागवला, त्याला आयडीई (जुनी, रुंद पट्टी केबलची जोडणी) आणि साटा (नंतरची, बारीक केबलची) दोन्ही बाजू आहेत आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. ८० जीबीवाली लावली. लॅपटॉपने ‘टुडुंग’ आवाज केला, पण ‘धिस पीसी’मध्ये काहीच दिसत नाही. एका दुकानात घेऊन गेले तर डिस्क हातात न घेताच सांगितलं, ‘जुन्या डिस्क नव्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत, डेटा गेला समजा,’ आणि लगेच पुढे रिकव्हरीचे १८ हजार सांगितले. खरंच गेला का?

बर्डीचा_मिस्त्री · रविवार, सकाळी ११:०५

ताई, आधी हे सांगा, डिस्क फिरून राहिली का? तो टुडुंग आवाज डिस्कचा नाही. अडॅप्टरमध्ये एक चिप असते, लॅपटॉपने तिला ओळखलं एवढाच त्याचा अर्थ. डिस्क मेलेली असली, नाहीतर जोडलेलीच नसली, तरी तो आवाज येऊ शकते.

डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि कडेला दोन बोटं लावा. चालू झाली की आधी हलका झटका, मग बारीक थरथर जाणवते. कान जवळ नेला तर सूं असा चढता आवाज येते. यातलं काहीच नसेल तर डिस्कला पॉवरच मिळत नाही. माझ्याकडे ‘मेली’ म्हणून आलेल्या डिस्कमधल्या कितीतरी फक्त उपाशी होत्या.

मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून ५ व्होल्टच येतात, तेही यूएसबी २ वर ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३ वर ९००. त्यात ती मोटर फिरणं शक्य नाही. अडॅप्टरसोबत एक काळा ठोकळा आला असेल, त्यातून चार तारा निघत असतील: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. तो लावला का?

महालची_लेक · रविवार, सकाळी ११:४०

मिस्त्रीदादा, ठोकळा आला होता. मी तो लॅपटॉपचा जास्तीचा चार्जर समजून डब्यातच ठेवला होता!

बर्डीचा_मिस्त्री · रविवार, दुपारी १२:१०

मग अर्धं काम झालं. लावताना घाई नका करू. पांढऱ्या चार पिनांच्या कनेक्टरचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात, ती बाजू जुळवूनच आत सारा. स्वस्तातले कनेक्टर नरम प्लास्टिकचे असतात, जोर लावला तर उलटेही घुसतात. उलटा बसला की ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्कचा बोर्ड जळते. हात थांबला की समजून घ्या, बाजू चुकली.

जोडायचं असं: आधी डेटाची बाजू डिस्कला, मग पॉवर. डिस्क पूर्ण फिरू द्या, दहाएक सेकंद. यूएसबी लॅपटॉपला सगळ्यात शेवटी. काढताना आधी ‘सेफली रिमूव्ह’, मग पॉवर बंद, आणि डिस्क थांबेस्तोवर तिला हलवायचं नाही. पलंगावर, चादरीवर ठेवू नका, खालून तापते.

काटोल_नाका · रविवार, दुपारी १२:३०

माझ्याकडे डेस्कटॉप आहे. अडॅप्टर न घेता सरळ मदरबोर्डवर लावता येत नाही का?

हिंगणा_रोड · रविवार, दुपारी १:१५

बोर्ड किती जुना आहे त्यावर आहे. इंटेलने २००६ च्या चिपसेटपासून (बोर्डवरच्या मुख्य चिपा) आयडीई आतून काढून टाकलं. पुढे काही वर्षं बोर्ड बनवणारे वेगळी चिप टाकून एखादं आयडीई सॉकेट देत राहिले, नंतर तेही बंद झालं. आजच्या बोर्डवर ४० पिनांचं सॉकेट शोधू नका. साटा डिस्क मात्र सरळ लागेल. २००३ ची पहिली साटा डिस्कही आजच्या साटा पोर्टवर चालते.

बाजारात छोटे हिरवे बोर्ड मिळतात, एका बाजूला साटा, दुसऱ्या बाजूला आयडीई. घेताना नीट विचारून घ्या. काही फक्त ‘जुनी आयडीई डिस्क नव्या साटा पोर्टला’ असे चालतात, काही बरोबर याच्या उलट, काही दोन्हीकडून. दिसायला सगळे सारखेच. मी चुकीचा घेऊन दोन दिवस डिस्कलाच दोष देत बसलो होतो.

महालची_लेक · रविवार, संध्याकाळी ७:५०

८० जीबी फिरली! बोटांना थरथर जाणवली, बाबांनीही हात लावून पाहिला. पण लॅपटॉपवर अजून काही नाही. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्येही नाही.

हिंगणा_रोड · रविवार, रात्री ८:३०

जंपर पाहा. डिस्कच्या मागच्या बाजूला, ४० पिना आणि पॉवर यांच्या मध्ये, आठ-दहा पिनांचा एक छोटा गठ्ठा असतो आणि त्यावर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी. एका पट्टीवर दोन डिस्क लावायच्या तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह, हे ती टोपी ठरवते. दुकानातली ही डिस्क बहुधा दुसरी म्हणून लावलेली असेल. यूएसबी अडॅप्टरला मास्टर हवी. कोणती टोपी कुठे, त्याचं चित्र डिस्कच्या लेबलवरच असतं. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कमध्ये एकटी डिस्क आणि मास्टर हे वेगळे आहेत. एकटीसाठी टोपी काढून ठेवायची. टोपी बदलताना पॉवर बंद.

तेवढ्यात ४० पिनांकडेही टॉर्च मारून पाहा. खालच्या ओळीत मधली एक पीन नसेल, तो दोष नाही. विसावी पीन मुद्दाम काढलेली असते, उलटं लागू नये म्हणून. बाकी एखादी वाकलेली दिसली तर बारीक चिमट्याने हळूच उभी करा. एकदाच. दोन-तीनदा वाकवलं तर तुटते.

छोट्या लॅपटॉप डिस्कबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त डिस्क तिथे जळतात. तिला वेगळी पॉवर नसते, ५ व्होल्ट त्याच ४४ पिनांतून जातात. ४४ पिनांच्या शेजारी थोडी जागा सोडून अजून चार पिना असतात, त्या जंपरच्या. अडॅप्टर एक-दोन पिना सरकून बसला तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेवर पोचतात. भिंगाने पाहा. मोकळी जागा आणि चार पिना बाहेर दिसायलाच हव्यात, मगच यूएसबी जोडा.

महालची_लेक · रविवार, रात्री ९:२५

टोपी स्लेव्हवरच होती. मास्टरवर घातली आणि ८० जीबी दिसली! दोन ड्राइव्ह आले. एक उघडतो. दुसऱ्यावर क्लिक केलं तर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ म्हणतो. करू का?

त्रिमूर्तीनगर · रविवार, रात्री ९:२७

नाही!! रद्द करा आणि डिस्क आत्ता काढून ठेवा. सविस्तर लिहिते.

त्रिमूर्तीनगर · रविवार, रात्री १०:१५

ताई, घाबरू नका, रद्द केलं असेल तर काही बिघडलेलं नाही. ‘फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशलाइज करा’ म्हणजे विंडोज एवढंच सांगतंय की मला हे वाचता येत नाही. पार्टिशनचं (डिस्कच्या त्या भागाचं) एखादं पान खराब असेल, किंवा तिथे विंडोजचं नसलेलं काही असेल. होकार दिला तर मात्र त्या जागी नवं लिहिलं जाईल.

दुसरा मोह असतो जो भाग उघडतो त्यातून फायली शोधत बसण्याचा. तोही टाळा. विंडोज एक्सपीच्या काळातल्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’वर क्लिक केलं की ‘परवानगी नाही, कंटिन्यू करा’ असं येतं. कंटिन्यू दाबलं की विंडोज त्या जुन्या डिस्कवरच्या हजारो फायलींच्या परवानग्या बदलत बसतं. वीसेक वर्षांच्या डिस्कवर आपल्याला एक अक्षरही लिहायचं नाहीये.

म्हणून आधी पूर्ण डिस्कची प्रत, मग शोधाशोध. मी असं करते: लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवून लॅपटॉप त्यावर सुरू करायचा, आपोआप माउंट होणं (सिस्टिमने डिस्क स्वतःहून उघडणं) बंद करायचं, आणि ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ने डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) एका मोठ्या नव्या डिस्कवर फाइल म्हणून काढायची. हा प्रोग्राम वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठपर्यंत आलो हे तो एका नोंद-फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे. ती नोंद-फाइल द्यायला विसरू नका, आणि पेनड्राइव्हवर नाही तर नव्या डिस्कवर ठेवा.

एकच धोका आहे: कोणती डिस्क ‘कुठून’ आणि कोणती ‘कुठे’. आकार पाहून दोनदा खात्री करा. ८० जीबीची डिस्क तिथे ७४.५ अशी दिसेल, ती तीच आहे. अडॅप्टर यूएसबी २ चा असेल तर सेकंदाला २५–३० एमबी मिळतात, म्हणजे ८० जीबीला पाऊण-एक तास. डिस्क निरोगी असेल तर.

वर्धेकर · रविवार, रात्री १०:५०

चारपैकी एखादी चाललीच नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या चुलतभावाची अशीच चालू झाली होती.

बर्डीचा_मिस्त्री · रविवार, रात्री ११:१५

भाऊ, चांगल्या मनाने सांगून राहिले, पण ताईंना हे नका करू देऊ. मे महिना आहे, बाहेर ४४ डिग्री, घरात कूलर चालू. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर मिनिटभरात दव धरते, थंड पाण्याच्या ग्लासवर धरते तसंच. तो ओलावा चकतीवर गेला तर हेड (चकतीवरून डेटा वाचणारा भाग) त्याच्यावर घासत जाते. कुणाची एकदा चालू झाली असेल, पण ज्यांची कायमची गेली ते सांगायला येत नाहीत.

आणि ताई, डिस्क कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. साधा टेबलफॅन लावा. कॉपी चालू असताना तापमान ५५ च्या वर गेलं तर थांबवा. रात्री नऊनंतर करा काम, तेवढीच गर्मी कमी.

महालची_लेक · मंगळवार, रात्री ११:३०

दोन रात्रींचा हिशेब.

८० जीबी: पूर्ण प्रत निघाली, फक्त काही केबी वाचता आले नाहीत. जो भाग ‘फॉरमॅट करा’ म्हणत होता तो त्रिमूर्तीनगरताईंनी फोनवर सांगितलं तसं प्रतीवरच ‘टेस्टडिस्क’ (हरवलेले भाग शोधणारा प्रोग्राम) चालवून उघडला. आत ‘स्मरणिका’, ‘पत्रिका’, ‘खाजगी’ असे फोल्डर आहेत!

लॅपटॉपची छोटी: भिंग घेऊन लावली. एका यूएसबीवर फिरायची आणि बंद पडायची, पुन्हा फिरायची. हिंगणा रोडदादांनी दोन तोंडांची यूएसबी केबल लावायला सांगितली, सुरुवातीला तिला जास्त करंट लागतो म्हणून. मग चालली. त्यात तान्ह्या पोळ्याचे फोटो निघाले. माझा मुलगा तीन वर्षांचा, हातात दोरी, मागे लाकडी बैल, आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीचे वीसेक फोटो. हे फोटो आहेत हेच आम्ही विसरलो होतो.

साटावाली: सरळ चालली. त्यात फक्त बिलं.

४० जीबी मोठी: पॉवर दिल्याबरोबर टक-टक-टक, मग शांत. पुन्हा टक-टक.

बर्डीचा_मिस्त्री · बुधवार, सकाळी ८:१०

४० जीबीला आता पॉवरच देऊ नका. त्या टक-टकीत हेड जागा शोधून परत आपटून राहिलं. दर वेळी नुकसान वाढते. झाकण उघडू नका. हेड चकतीपासून इतकं कमी उंचीवर तरंगते की धुळीचा कण त्याच्यापुढे धोंडा आहे. सारखी दुसरी डिस्क आणून बोर्ड बदला असंही कुणी सांगेल. त्या डिस्कची स्वतःची मोजमापं तिच्याच बोर्डावरच्या चिपमध्ये असतात, नुसता बोर्ड बदलून बहुतेक वेळा भागत नाही. आधी ८० मध्ये ओव्या आहेत का पाहा. नसतील तरच स्वच्छ खोली असलेल्या लॅबचा खर्च. तोही आधी तपासणी, डेटा निघाला तरच पैसे, असं लिहून घेऊनच.

महालची_लेक · बुधवार, रात्री ९:००

‘खाजगी’मध्ये ‘आई’ नावाचा फोल्डर आहे. त्यात तीन पेजमेकर (डीटीपीचा जुना प्रोग्राम) फायली. नव्या लॅपटॉपवर उघडतच नाहीत. एक साधी टेक्स्ट फाइलही आहे, ती उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी. डेटा खराब झाला का?

गांधीबाग_कंपोज · बुधवार, रात्री १०:२०

ताई, ही खिचडीच तुमच्या ओव्या आहेत. डोळ्यांत पाणी आलं वाचून. मी बत्तीस वर्षं कंपोजचं काम केलं, त्यातली वीस याच खिचडीत.

त्या काळी डीटीपीत युनिकोड (आज मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे सारखी दिसते ती मराठी) वापरत नसत. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फाइलमध्ये इंग्रजी कोडच साठतो, फॉन्ट असला की तो मराठी दिसतो. म्हणून तुमच्या डिस्कच्या प्रतीत विंडोजच्या आतला ‘फॉन्ट्स’ फोल्डर शोधा आणि तो अख्खा कॉपी करून ठेवा. तेच फॉन्ट हवेत. त्याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत अक्षरं इकडची तिकडे असू शकतात. टेक्स्ट फाइल उघडून सगळं सिलेक्ट करा आणि एकेक फॉन्ट लावून पाहा. एका फॉन्टला ओळ बोलायला लागेल.

पेजमेकरच्या फायलींसाठी: पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती, २००१ ची. ६ आणि पुढच्या फायली इनडिझाइन (पेजमेकरच्या जागी आलेला प्रोग्राम) सीएस६ पर्यंत उघडतात, त्याच्या नंतरच्यांत नाही. माझ्या जुन्या मशीनवर सीएस६ आहे. फॉन्टसकट आणा, मी पीडीएफ काढून देतो. पैशांचं नाव काढू नका.

युनिकोडमध्ये आणायचं तर कन्व्हर्टर आहेत, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टर इथेच चुकतो. ‘दिर्घायुषी’ चुकीचं की मुळातच तसं, हे यंत्राला कळत नाही. आजीने वऱ्हाडीत सांगितलं असेल तर तिचा शब्द शुद्ध करायला जाऊ नका, जसा आहे तसा ठेवा.

काटोल_नाका · बुधवार, रात्री १०:४०

माझ्या वडिलांच्या फ्लॉपीत पण असंच निघायचं. आम्ही खराब म्हणून फेकून दिल्या.

महालची_लेक · रविवार, संध्याकाळी ६:१५

काल गांधीबागेत काकांकडे गेलो. बाबाही आले. आठवा फॉन्ट लावला आणि ओळ उघडली. काकांनी स्क्रीन बाबांकडे फिरवली. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि पहिली ओवी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीपासून वाचणं थांबून त्यांचं म्हणणं सुरू झालं, आजीच्या चालीत.

एकशे बेचाळीस ओव्या आहेत. काकांनी पीडीएफ दिली, मोठ्या अक्षरात प्रिंटही काढून दिली. सदतिसाव्या ओवीत दुसऱ्या ओळीच्या जागी नुसते ठिपके आहेत. बाबा म्हणाले, त्या दुपारी आजीला ती ओळ आठवली नाही, उद्या सांगते म्हणाली, आणि ते राहूनच गेलं. आज सकाळी बाबांनी मुर्तिजापूरला आत्याला फोन लावला. आत्या एक्क्याऐंशीची आहे. तिने फोनवर तीनदा म्हणून दाखवली. ठिपक्यांवर बाबांनी पेनने ती ओळ लिहिली आहे.

प्रतिमा दोन डिस्कवर ठेवल्या आहेत, एक भावाच्या घरी. जुन्या डिस्क परत पंचात, प्रत्येकीवर जंपर कुठे होता ते लिहून. टक-टकवाली लॅबला पाठवत नाही.

काटोल नाका दादा, एखादी जुनी हार्डडिस्क घरात सापडली तर अडॅप्टर माझ्याकडून घेऊन जा. महालात आहे, संध्याकाळी सातनंतर कधीही. काळा ठोकळा त्यासोबतच बांधून ठेवला आहे.

काटोल_नाका · रविवार, संध्याकाळी ६:४०

एक डिस्क आहे ताई. मंगळवारी येतो.